मॉनिटर ओव्हरक्लॉकिंग

मॉनिटर ओव्हरक्लॉकिंग म्हणजे संगणकाच्या पडद्याचा रिफ्रेश रेट उत्पादकाने ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा वर नेण्याची क्रिया होय. पडद्यावरील चित्र दर सेकंदाला जितक्या वेळा नव्याने रेखाटले जाते, त्या संख्येस रिफ्रेश रेट म्हणतात. तो हर्ट्झ या एककात मोजला जातो. ६० हर्ट्झचा म्हणून विकलेला मॉनिटर संगणकातील मांडणी बदलून ७५ हर्ट्झवर चालवणे, हे या क्रियेचे सर्वांत सामान्य उदाहरण आहे. व्हिडिओ गेम खेळणारे तरुण तसेच जुन्या मॉनिटरकडून अधिक काम करून घेऊ इच्छिणारे हौशी वापरकर्ते हा प्रयोग करतात.

या प्रयोगाला पैसा लागत नाही आणि पडदा उघडावाही लागत नाही; म्हणून तो निरुपद्रवी समजला जातो. दुसऱ्या टोकाला, असे केल्याने पडदा हमखास जळतो अशीही समजूत आढळते. वस्तुस्थिती या दोहोंच्या मध्ये आहे. आजच्या द्रव-स्फटिक पडद्यांत तात्काळ जळण्याचा धोका अल्प असतो. नेहमी होणारे नुकसान मात्र गुपचूप होते: फ्रेम गळतात, रंग फिके किंवा गडद पडतात, उपकरण अधिक तापते आणि हमीचा दावा कमकुवत होतो. पडदा चालू दिसत असल्यामुळे हे नुकसान अनेकदा वापरकर्त्याच्या लक्षातच येत नाही.

संज्ञा आणि हेतू

संगणकशास्त्रात 'क्लॉक' म्हणजे ठरावीक कालांतराने पडणारा विद्युत ठोका. प्रक्रियक, स्मृती आणि पडदा यांची कामे या ठोक्यांच्या तालावर चालतात. ठोक्यांची गती नेमून दिलेल्या मर्यादेपेक्षा वाढवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. प्रक्रियकाच्या बाबतीत गतीबरोबर बहुधा विद्युतदाबही वाढवला जातो. मॉनिटरच्या बाबतीत वापरकर्ता दाब वाढवू शकत नाही. तो फक्त संगणकाकडून येणाऱ्या संकेताची गती वाढवतो. या कारणाने मॉनिटर ओव्हरक्लॉकिंग प्रक्रियकाच्या ओव्हरक्लॉकिंगइतके दाहक नसते. तथापि, मॉनिटरच्या आतील परिपथ ती गती सांभाळू शकतील की नाही, हे वापरकर्त्याला आधी कळण्याचा मार्ग नसतो.

रिफ्रेश रेट वाढला की दोन चित्रांमधील अंतर कमी होते. ६० हर्ट्झवर दर १६.६७ मिलिसेकंदांनी नवे चित्र येते. ७५ हर्ट्झवर हे अंतर १३.३३, १०० हर्ट्झवर १० आणि १४४ हर्ट्झवर ६.९४ मिलिसेकंद होते. म्हणजे ६० वरून ७५ वर गेल्यास प्रत्येक चित्रामागे ३.३३ मिलिसेकंदांची बचत होते. माउसचा बाण आणि खेळातील हालचाल त्यामुळे थोडी अधिक सलग भासते. लेख टंकित करणे, हिशेब मांडणे किंवा संकेतस्थळे वाचणे या कामांत मात्र हा फरक जेमतेम जाणवतो. कारखान्यातूनच उच्च दर असलेल्या पडद्यांत लाभ आणखी घटतो: १४४ वरून १६५ हर्ट्झवर गेल्यास ०.८८ मिलिसेकंद इतकीच बचत होते. पुढे वर्णिलेले धोके या लाभाच्या तुलनेत तोलून पाहावे लागतात.

इतिहास

कॅथोड किरण नलिकेचे, म्हणजे काचेच्या मोठ्या नळीचे मॉनिटर वापरात होते, त्या काळात चुकीचा रिफ्रेश रेट हा खरोखरच घातक ठरू शकत असे. या नळीत इलेक्ट्रॉनचा झोत ओळीमागून ओळ फिरवण्यासाठी एक उच्च दाबाचा रोहित्र आणि त्याला चालवणारा ट्रान्झिस्टर असतो. ते विशिष्ट वारंवारितेसाठी रचलेले असत. १९८१ साली आयबीएम पीसीबरोबर आलेला ५१५१ हा एकरंगी मॉनिटर १८.४३२ किलोहर्ट्झ क्षैतिज व ५० हर्ट्झ ऊर्ध्व वारंवारितेवर चालत असे. क्षैतिज ताल तो पूर्णतः संगणकाकडून घेत असे. सदोष आज्ञावलीने संगणकातील चित्रनियंत्रकाला चुकीचे आकडे दिले, तर मॉनिटरमधील भाग जळण्याची शक्यता असे. आज्ञावलीमुळे यंत्राला इजा होऊ शकते, याचे हे अभ्यासकांत नेहमी सांगितले जाणारे उदाहरण आहे.

पुढे अनेक वारंवारिता स्वतः ओळखणारे मॉनिटर आले आणि मर्यादेबाहेरचा संकेत आल्यास पडदा बंद करणारे संरक्षक परिपथ त्यांत बसवण्यात आले. तरीही लिनक्सच्या आरंभीच्या काळात वापरकर्त्याला मॉनिटरचे आकडे स्वतः लिहावे लागत. त्यासाठीच्या एक्सफ्री८६ या प्रणालीच्या माहितीपुस्तिकेत चुकीच्या आकड्यांमुळे मॉनिटरला इजा होऊ शकते, असा स्पष्ट इशारा दिलेला असे. 'रिफ्रेश रेट वाढवला की मॉनिटर फुटतो' या आजही ऐकू येणाऱ्या समजुतीचे मूळ या काळात आहे.

१९९४ साली व्हेसा या मानक संस्थेने ईडीआयडी नावाची माहितीची रचना निश्चित केली. मॉनिटर आपल्या स्मृतीत १२८ बाइटांचा एक मूळ गट बाळगतो आणि जोडणी होताच तो संगणकाला वाचायला देतो. त्यात उत्पादकाचे नाव, चालणारी विभेदने, वारंवारितांच्या मर्यादा इत्यादी तपशील असतात. आजचा संगणक पडद्याला आपोआप योग्य दरावर चालवतो, तो या माहितीच्या आधारे. मॉनिटर ओव्हरक्लॉकिंग म्हणजे वस्तुतः ही माहिती बाजूला सारून संगणकाला निराळे आकडे वापरायला लावणे होय.

२०१२ च्या सुमारास दक्षिण कोरियातून थेट विकले जाणारे २७ इंची स्वस्त मॉनिटर जगभरच्या हौशी वापरकर्त्यांत प्रसिद्ध झाले. यामाकासी कॅटलीप आणि नंतर क्यूनिक्स क्यूएक्स२७१० ही त्यांतील ठळक नावे. २५६० × १४४० विभेदनाचे हे पडदे ६० हर्ट्झचे असूनही त्यांतील काही नग ९६ ते १२० हर्ट्झपर्यंत चालत. एकाच प्रकारचे दोन नग सारखेच चालतील याची मात्र शाश्वती नसे, आणि उच्च दरावर चित्र गडद होत असल्याचा अनुभव वापरकर्ते नोंदवीत. त्यानंतर उत्पादकांनी स्वतःच ही सोय देण्यास आरंभ केला. एसर कंपनीचा प्रीडेटर एक्स३४ हा ६० हर्ट्झचा पडदा स्वतःच्या मेनूतून १०० हर्ट्झवर, तर एसस कंपनीचा पीजी२७९क्यू हा १४४ हर्ट्झचा पडदा १६५ हर्ट्झवर नेता येत असे. उत्पादकाने दिलेले ओव्हरक्लॉकिंग व वापरकर्त्याने स्वतः केलेले ओव्हरक्लॉकिंग यांत हाच भेद आहे: पहिल्याची मर्यादा उत्पादकाने स्वतः आखून दिलेली असते, दुसऱ्याची कोणीही तपासलेली नसते.

कार्यपद्धती

ओव्हरक्लॉकिंग साधारणतः तीन मार्गांनी केले जाते. एनव्हिडिया आणि एएमडी यांच्या ग्राफिक्स कार्डांबरोबर येणाऱ्या नियंत्रण आज्ञावलीत स्वतःचे विभेदन व दर लिहिण्याची सोय असते. विंडोज प्रणालीत कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी ही स्वतंत्र आज्ञावली वापरून ईडीआयडीची बदललेली प्रत संगणकात नोंदवता येते. लिनक्समध्ये एक्सरँडर या आज्ञेने नवे आकडे लागू करता येतात.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. या तिन्ही मार्गांत बदल संगणकात होतो, मॉनिटरच्या स्मृतीत नाही. तोच मॉनिटर दुसऱ्या संगणकाला जोडल्यास तो मूळ दरावरच चालतो. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतून केलेले ओव्हरक्लॉकिंग मात्र मॉनिटरमध्ये साठवले जाते.

संकेत किती वेगाने वाहतो हे 'पिक्सेल क्लॉक' या आकड्यावरून कळते. १९२० × १०८० विभेदनाच्या पडद्यासाठी दृश्य भागाबरोबर कडेचा अदृश्य अवकाशही पाठवावा लागतो. प्रचलित मांडणीत एकूण २२०० × ११२५ बिंदू धरले जातात. त्यास ६० ने गुणले असता १४८.५ मेगाहर्ट्झ येतात आणि ७५ ने गुणले असता १८५.६ मेगाहर्ट्झ येतात. हा अदृश्य अवकाश कमी करून पिक्सेल क्लॉक खाली आणता येतो. म्हणून अनुभवी वापरकर्ते 'रिड्यूस्ड ब्लँकिंग' ही मांडणी निवडतात.

धोके

संकेत न पोहोचणे

प्रत्येक जोडणीची वहनक्षमता ठरलेली असते. एकेरी डीव्हीआय जोडणी आणि एचडीएमआयच्या पहिल्या आवृत्त्या १६५ मेगाहर्ट्झपर्यंतच्या पिक्सेल क्लॉकसाठी आखलेल्या आहेत. एचडीएमआय १.३ मध्ये ही मर्यादा ३४० मेगाहर्ट्झ झाली. वरील हिशेबानुसार प्रचलित मांडणीतील ७५ हर्ट्झचा संकेत जुन्या जोडणीच्या मर्यादेबाहेर जातो. मर्यादा ओलांडल्यास पडदा काळा राहतो, 'आउट ऑफ रेंज' असा संदेश येतो, चित्रात रंगीत ठिपके चमकतात किंवा चित्र मधूनमधून क्षणभर नाहीसे होते. दोष अनेकदा मॉनिटरचा नसून लांब वा हलक्या प्रतीच्या केबलचा असतो. व्हीजीए केबलवर गती वाढली की अक्षरांच्या कडा धूसर होतात.

या प्रकारच्या बिघाडाने सहसा कायमची हानी होत नाही. विंडोजच्या मांडणीतून बदललेला दर १५ सेकंदांत कायम न केल्यास तो आपोआप मूळ स्थितीत येतो. तरीही पडदा काळाच राहिल्यास संगणक 'सेफ मोड'मध्ये सुरू करून बदल काढून टाकता येतो. लॅपटॉपच्या बाबतीत अडचण अधिक असते, कारण त्याचा पडदा बदलून पाहता येत नाही. अशा वेळी बाहेरचा मॉनिटर किंवा दूरचित्रवाणी संच जोडून काम भागवावे लागते.

फ्रेम गळणे

हा सर्वांत फसवा दोष आहे. काही मॉनिटर ७५ हर्ट्झचा संकेत स्वीकारतात, आपल्या मेनूत ७५ हा आकडाही दाखवतात. परंतु आतील पटल ६० हर्ट्झवरच चालवतात आणि उरलेल्या १५ फ्रेम टाकून देतात. परिणामी हालचाल अधिक सलग होण्याऐवजी अडखळत होते. वापरकर्ता मात्र आकड्यावर विसंबून समाधानी राहतो. अनेक दूरचित्रवाणी संचांतही हा प्रकार आढळतो.

तो ओळखण्याची एक सोपी चाचणी आहे. पडद्यावर चौकोनांची जाळी दाखवून प्रत्येक फ्रेममध्ये एकेक चौकोन क्रमाने उजळणारे चित्र चालवतात. टेस्टयूएफओ या संकेतस्थळावर असे चित्र उपलब्ध आहे. मग मोबाइलच्या कॅमेऱ्यात शटरचा काळ सेकंदाचा सुमारे दहावा भाग ठेवून पडद्याचे छायाचित्र घेतात. उजळलेले चौकोन एकमेकांस लागून दिसले, तर प्रत्येक फ्रेम पडद्यावर उमटत आहे. मधेच एखादा चौकोन काळा राहिला, तर फ्रेम गळत आहेत. ही चाचणी न करता केलेले ओव्हरक्लॉकिंग यशस्वी झाले असे म्हणता येत नाही.

रंग व उजेडातील बिघाड

द्रव-स्फटिक पडद्यात प्रत्येक बिंदूमागे एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर व विद्युतभार साठवणारा धारित्र असतो. पडद्याच्या ओळी वरून खाली एकामागून एक भारित होतात. शेतकरी पाटाचे पाणी एकेका वाफ्याला देत पुढे सरकतो, त्यासारखीच ही रीत आहे. वाफा पुरता भिजण्याआधीच पाणी पुढच्या वाफ्याला वळवले, तर मागचा वाफा अर्धवट कोरडा राहतो. वर सांगितलेल्या मांडणीत ६० हर्ट्झवर एका ओळीला सुमारे १४.८ मायक्रोसेकंद मिळतात, ७५ हर्ट्झवर ११.९ आणि १०० हर्ट्झवर अवघे ८.९. वेळ अपुरा पडला की बिंदूला हवा तितका विद्युतभार मिळत नाही. त्यामुळे रंग बदलतात, छटांमधील भेद पुसट होतात आणि कधी बारीक उभ्या रेषा वा जाळीसारखा नमुना दिसू लागतो.

छायाचित्रण, छपाई, वस्त्ररंग किंवा चित्रफितींचे संपादन ही कामे संगणकावर करणाऱ्यांच्या दृष्टीने हा धोका विशेष गंभीर आहे. पडद्यावर पाहून ठरवलेला रंग आणि छापून आलेला रंग यांत तफावत पडते व तिचे कारण शोधूनही सापडत नाही. रंगमापक उपकरणाने एका दरावर केलेली जुळणी दुसऱ्या दरावर ग्राह्य राहत नाही.

बिंदूंवरील विद्युतदाबाची दिशा सतत उलटसुलट केली जाते, ज्यायोगे द्रव-स्फटिकावर एकाच दिशेचा ताण साठू नये. हा समतोल बिघडल्यास आधीच्या चित्राची अंधुक छाया पडद्यावर रेंगाळते. ओव्हरक्लॉक केलेल्या पडद्यावर अशी छाया दिसू लागल्यास तो दर तत्काळ सोडून द्यावा, असे सांगितले जाते.

हालचालीमागील सावली

उत्पादक द्रव-स्फटिकांचा प्रतिसाद जलद व्हावा म्हणून 'ओव्हरड्राइव्ह' नावाची योजना करतात. तिचे आकडे मूळ दरासाठी बेतलेले असतात. दर बदलल्यावर ते जुळत नाहीत. मग सरकत्या वस्तूमागे धुरकट सावली किंवा तिच्या उलट, पांढुरकी कड दिसते. व्हीए प्रकारच्या पटलांत गडद छटांचा बदल मुळातच मंद असतो. तेथे दर वाढवूनही चित्र पूर्ण बदलण्याआधी पुढचे चित्र येते आणि वाढीव दराचा लाभ वाया जातो.

उष्णता आणि आयुर्मान

अंकीय परिपथांतील वीजवापर ठोक्यांच्या गतीच्या प्रमाणात वाढतो. ६० वरून ७५ वर जाणे म्हणजे संकेत हाताळणाऱ्या भागांच्या गतीत सव्वापट वाढ. मॉनिटरची बहुतांश वीज पार्श्वप्रकाशाला लागते आणि तो भाग रिफ्रेश रेटवर अवलंबून नसतो. म्हणून एकूण वीजवापरातील वाढ लहान असते. परंतु ही उष्णता काही मोजक्या चिपांत एकवटते व बंद कवचात त्यांना थंड करणारा पंखा बहुधा नसतो.

ग्राफिक्स कार्डावरही परिणाम होतो. दोन चित्रांमधील अदृश्य अवकाशात कार्ड आपल्या स्मृतीची गती बदलते. तो अवकाश फार आक्रसला, तर कार्ड रिकामे असतानाही स्मृती पूर्ण गतीने चालत राहते, कार्ड तापते आणि विजेचा वापर वाढतो. गती बदलण्याचा प्रयत्न अवेळी झाल्यास पडदा लुकलुकतो.

उष्णतेचा विचार महाराष्ट्रात स्थानिक हवामानाला धरून करावा लागतो. अनेक मॉनिटरांच्या माहितीपुस्तिकेत वापरासाठी सभोवतालचे तापमान ४० अंश सेल्सिअसपर्यंत असावे, असे नमूद असते. वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवीसारख्या विदर्भातील गावांत मे महिन्यात दुपारचे तापमान ही मर्यादा सहज ओलांडते. पत्र्याच्या छपराखालील खोलीत ते आणखी जाणवते. म्हणजे अशा ठिकाणी मॉनिटर मूळ दरावर चालत असतानाच उत्पादकाने आखलेल्या मर्यादेच्या काठावर असतो. ओव्हरक्लॉकिंगसाठी गृहीत धरलेला राखीव वाव तेथे उरलेला नसतो. वीजपुरवठ्याच्या भागातील इलेक्ट्रोलिटिक धारित्रांचे तापमान १० अंशांनी वाढल्यास त्यांचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, असा अभियांत्रिकीतील सर्वमान्य आडाखा आहे. पुण्यातील वा नाशिकातील हिवाळ्यात सुरळीत चाललेला दर विदर्भाच्या उन्हाळ्यात तसाच चालेल असे नाही. म्हणून हिवाळ्यात घेतलेली चाचणी उन्हाळ्यात पुन्हा घ्यावी लागते.

हमी व कायदेशीर बाजू

हमी हा उत्पादक व ग्राहक यांच्यातील करार असतो. विहित मर्यादेबाहेर वापर केल्यास ती लागू होणार नाही, अशी अट अनेक हमीपत्रांत आढळते. उत्पादकाने स्वतः मेनूत दिलेली सोय वापरणे आणि बाहेरच्या आज्ञावलीने दर वाढवणे यांत या दृष्टीने फरक पडतो. त्यामुळे प्रयोगापूर्वी हमीपत्र वाचणे आवश्यक ठरते. बदल संगणकात होत असल्याने 'सेवा केंद्राला कळणार नाही' असे समर्थन कधी कधी केले जाते. ते प्रामाणिकपणाला धरून नाही. शिवाय बिघाडाचे खरे कारण लपवल्यास दुरुस्ती चुकीच्या दिशेने होते.

भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. सदोष वस्तूबाबत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. परंतु दोष वस्तूत मुळातच होता हे दाखवावे लागते आणि विहित मर्यादेबाहेर वापर झाला असल्यास ते दाखवणे कठीण जाते. वस्तूमुळे व्यक्तीला वा अन्य मालमत्तेला हानी झाल्यास उत्पादन दायित्वाच्या तरतुदी लागू होतात. मात्र हानीच्या वेळी वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात फेरबदल झालेला असल्यास विक्रेत्याविरुद्ध असा दावा करता येत नाही, असे कलम ८७ मध्ये म्हटले आहे.

ग्रामीण भागात या प्रश्नाला व्यावहारिक बाजूही आहे. अधिकृत सेवा केंद्रे मुख्यत्वे शहरांत असतात. पडदा खोक्यात घालून बसने तेथवर नेणे हे खर्चाचे व जोखमीचे काम असते. पटल बदलण्याचा खर्च बहुधा नव्या मॉनिटरच्या किमतीच्या जवळपास जातो. ज्या घरात वा शाळेत एकच संगणक आहे, तेथे पडदा बंद पडणे म्हणजे सर्वांचेच काम थांबणे. अभ्यास, ऑनलाइन अर्ज आणि कार्यालयीन कामे ज्या पडद्यावर चालतात, त्यावर असा प्रयोग करताना काही मिलिसेकंदांची बचत आणि हे संभाव्य नुकसान यांची तुलना आधी करणे इष्ट ठरते. सामायिक संगणकावर तर इतरांना न सांगता दर बदलणे अनुचितच होय; पुढच्या व्यक्तीला काळा पडदा दिसल्यास त्याचे कारण तिला कळत नाही.

निकामी मॉनिटर हा ई-कचरा ठरतो. त्याची विल्हेवाट ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ यांनुसार नोंदणीकृत पुनर्वापर यंत्रणेमार्फत व्हावी अशी अपेक्षा आहे. जुन्या मॉनिटरांच्या पार्श्वप्रकाशातील नळ्यांत पारा असतो. म्हणून ते फोडणे किंवा जाळणे घातक आहे.

प्रचलित गैरसमज

दर वाढवला की डोळ्यांचा ताण जातो. काचेच्या नळीच्या मॉनिटरवर ६० हर्ट्झला चित्र लुकलुकत असे आणि दर वाढवल्यावर आराम मिळत असे. द्रव-स्फटिक पडद्यात बिंदू पुढच्या फेरीपर्यंत उजळलेलाच राहतो. तेथे लुकलुक असल्यास ती पार्श्वप्रकाशाच्या रचनेमुळे असते व रिफ्रेश रेट वाढवून ती जात नाही. योग्य उजेड, योग्य अंतर आणि मधूनमधून विश्रांती हेच उपाय उपयोगी पडतात.

भारतात वीज ५० हर्ट्झची असल्याने मॉनिटरवर मर्यादा येते. मॉनिटरचा वीजपुरवठा प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतो. त्यामुळे घरातील विजेची वारंवारिता आणि पडद्याचा रिफ्रेश रेट यांचा आज संबंध उरलेला नाही.

दर वाढवला की संगणक वेगवान होतो. पडदा फक्त ग्राफिक्स कार्डाने तयार केलेली चित्रे दाखवतो. कार्ड सेकंदाला ४० चित्रेच तयार करत असेल, तर ७५ हर्ट्झच्या पडद्यावरही नवी चित्रे ४०च दिसतात.

दुसऱ्याच्या मॉनिटरवर चालले म्हणजे आपल्यावर चालेल. एकाच कंपनीच्या एकाच प्रकारात निरनिराळ्या कारखान्यांतील पटले वापरलेली असू शकतात. प्रत्येक नगाची मर्यादा स्वतंत्र असते.

सुरक्षित मर्यादा आणि पर्याय

ज्यांना हा प्रयोग करावयाचाच आहे, ते सामान्यतः पुढील पथ्ये पाळतात. मूळ मांडणीची नोंद आधी करून ठेवली जाते. दर एकदम न वाढवता १ ते ५ हर्ट्झच्या टप्प्यांनी वाढवला जातो. प्रत्येक टप्प्यावर फ्रेम गळण्याची चाचणी, करड्या छटांच्या पट्ट्यांचे निरीक्षण आणि किमान काही तासांचा अखंड वापर करून पाहिला जातो. ठिपके, लुकलुक, रंगबदल किंवा छाया यांपैकी काहीही दिसल्यास आधीच्या टप्प्यावर परत येतात. अगदी काठावरच्या दरापेक्षा थोडा खालचा दर कायम ठेवला जातो. हमीच्या मुदतीतील, उसने आणलेले व सामायिक मॉनिटर या प्रयोगातून वगळले जातात.

प्रयोगापूर्वी एक साधी गोष्ट मात्र प्रत्येकाने तपासावी: मॉनिटर आपल्या विहित दरावर तरी चालतो आहे काय? ७५ किंवा १४४ हर्ट्झसाठी विकत घेतलेले अनेक मॉनिटर प्रणालीच्या मांडणीत ६० हर्ट्झवरच राहिलेले असतात. विंडोजच्या प्रगत डिस्प्ले मांडणीतून हा दर निवडता येतो. त्यात कोणताही धोका नाही, कारण हे ओव्हरक्लॉकिंग नव्हेच.

चित्रपट पाहणाऱ्यांसाठी दराची पटही महत्त्वाची असते. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. ६० हर्ट्झवर काही फ्रेम दोनदा व काही तीनदा दाखवाव्या लागतात आणि सरकत्या दृश्यात हलका हिसका जाणवतो. ७२ हर्ट्झवर प्रत्येक फ्रेम नेमकी तीनदा येते. भारतीय दूरदर्शनची प्रसारणपद्धती २५ फ्रेमची असल्याने तिच्यासाठी ७५ हर्ट्झ सोयीचा ठरतो. उलट दिशेने, मॉनिटर स्वीकारत असल्यास दर कमी करून ४८ किंवा ५० हर्ट्झवर ठेवणे हाही पर्याय आहे. त्यात गतीचा ताण वाढत नाही.

गेमच्या दृष्टीने बदलत्या रिफ्रेश रेटचे तंत्र अधिक उपयुक्त मानले जाते. एनव्हिडियाने २०१३ साली जी-सिंक हे तंत्र जाहीर केले. पुढे व्हेसाचे अडॅप्टिव्ह-सिंक हे मानक व एएमडीचे फ्रीसिंक आले. यांत पडदा कार्डाच्या गतीशी आपली गती जुळवून घेतो, त्यामुळे मर्यादा न ओलांडताही हालचाल सलग दिसते. नवा मॉनिटर घेण्याची वेळ आलेली असल्यास, जुन्याला त्याच्या कुवतीबाहेर पळवण्यापेक्षा मुळातच ७५, १०० किंवा अधिक हर्ट्झसाठी बनवलेला मॉनिटर निवडणे श्रेयस्कर ठरते.

हे सुद्धा पहा

ओव्हरक्लॉकिंग
रिफ्रेश रेट
द्रव-स्फटिक पडदा
ई-कचरा
ग्राहक संरक्षण कायदा, २०१९